डावा मुंढा अर्धा इंच सैल

मागच्या महिन्यात नातीने मला दादरला जीन्स घ्यायला नेले. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. मी धोतरावरून लेंग्यावर आलो तेवढीच माझी प्रगती. "आजोबा, तुम्ही लेडीज टेलर होतात ना, मग मला कुठली बरी दिसते ते सांगा," म्हणाली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माल दाखवायला उभी असलेली विशीतली मुलगी एका बाईंना सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात सांगत होती, "मॅडम, तुमचं पोट सुटलंय, तुम्ही कंबर वर असलेली घ्या. खाली कमर असली ना की वरून सगळं बाहेर येणार." मी शरमेने छताकडे बघायला लागलो. त्या बाई मात्र हसून म्हणाल्या, "दोन बाळंतपणं झाली गं माझी. दाखव कुठली ती."

मग मी कान देऊन ऐकत बसलो. मुलगी हुशार होती. मांड्या भरलेल्या असतील तर पायाला सरळ उतरणारी, पायाशी आवळलेली नको. मागून सपाट असेल तर खिसे मोठे आणि वर लावलेले हवेत. कंबर बारीक आणि खाली रुंद असेल तर कमरपट्टा मागून वक्र कापलेला बघायचा, नाहीतर बसले की मागे फट पडते. हे सगळे मला माहीत होते. कापड बदलले, अंगे तीच आहेत. फरक एवढाच की ती मुलगी हे तोंडावर सांगत होती आणि समोरची बाई ऐकून घेत होती.

मला तिथे बसवेना. मी बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर टेकलो. आमच्या दुकानात असे बोलता आले असते तर एक बाई वाचली असती, असे मला गेली चाळीस वर्षे वाटत आले आहे.

या अंकाच्या संपादकांनी 'शिवणकामातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. त्यांची क्षमा मागून ठेवतो. एक-दोन गमती आहेत, त्या आधी देऊन टाकतो.

आमचे दुकान ठाकुरद्वारच्या नाक्यापासून आत, एका चाळीच्या तळमजल्यावर होते. दहा फूट लांब, सात फूट रुंद. पुढे कापायचे टेबल, दोन मशिनी, आणि मागच्या कोपऱ्यात एक जाड निळा पडदा. तो पडदा हीच आमची पुण्याई. त्या काळी गिरगावात काय, लालबाग-परळात काय, घरंदाज बाई पुरुष शिंप्याला माप देत नसे. जुने पोलके पाठवायची, 'याच मापाचे शिवा' म्हणून. आता जुने पोलके म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे अंग. त्यावरून शिवले की नवे पोलके काखेत काचायचे, पाठीवर फुगायचे, आणि दोष शिंप्याचा. मी लग्न केल्यावर बायकोला, इंदूला, टेप धरायला शिकवले. ती पडद्याआड माप घ्यायची आणि आकडे मोठ्याने सांगायची, मी बाहेर वहीत लिहायचो. त्या पडद्यामुळे गिऱ्हाईक करी रोडहून चालत येऊ लागले.

माझी कला एकच, झाकण्याची. शिवणाऱ्याचे कसब म्हणजे लपवणे, असे माझे उस्ताद म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक खांदा उतरता असेल तर त्या बाजूला आतून कापडाची एक घडी जास्त. छाती बसकी असेल तर पुढे चुण्या. पाठीला पोक असेल तर मागचा भाग पाऊण इंच लांब, म्हणजे पोलके वर चढत नाही आणि पोक आहे हेच कळत नाही. दंड जाड असेल तर बाही कोपरापर्यंत. मान आखूड असेल तर गळा खोल, आणि गळा खोल नको म्हणणाऱ्या सासूबाई सोबत असतील तर गळा उंच ठेवून आत तेवढी दुमड ठेवायची, मागून सून एकटी येऊन खोल करून घेऊन जायची. बाई आरशासमोर उभी राहायची आणि आपण सरळ आहोत असे तिला वाटायचे. मला त्याचा अभिमान होता.

हे सगळे आकड्यांवरून करायचे. माझी आणि इंदूची त्याबाबत एक शिस्त होती, आणि ती शिस्त कशी आली हे सांगायला हवे.

गामदेवीच्या एका जुन्या, इभ्रतदार घरातल्या, आमच्याकडे नेहमी येणाऱ्या बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी कॉलेजात. तिला डोंगर चढायला जायच्या सहलीसाठी स्लॅक्स शिवायची होती. बायकांची विजार मी तोवर शिवली नव्हती. पुढे बटणे लावायची सोय नाही, ती पुरुषी दिसतात, म्हणून डाव्या कुशीला फट ठेवून हुक लावायचे. बसताना मागे ताण पडू नये म्हणून मागची उंची पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त. मी दोन रात्री वर्तमानपत्राचे कागद कापून कापून बघितले होते. मोठ्या उत्साहात होतो. इंदू पडद्याआड गेली, आणि तिथूनच, आपली माणसे समजून, कौतुकाने म्हणाली, "अगं बाई, कंबर मागच्यापेक्षा अडीच इंच वाढली की तुझी."

बाहेरच्या बाकावर त्यांच्याच गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या. मुलीला दोन महिन्यांपूर्वी टायफॉइड झाला होता, त्यातून उठल्यावर तिला भूक लागू लागली होती, एवढेच. पण तेवढे वाक्य गल्लीत पोचायला संध्याकाळ लागली नाही. ठरत आलेले लग्न मोडले. मुलीची आई दुकानात आली, ओरडली नाही, फक्त म्हणाली, "मास्तर, तुमच्या बायकोच्या जिभेनं माझ्या मुलीचं वाटोळं केलं." सहा महिने गामदेवीचे एकही गिऱ्हाईक फिरकले नाही. स्लॅक्स शिवून तयार होती, ती कोणी न्यायला आले नाही.

आम्ही कानाला खडा लावला. मी इंदूला सांगितले, यापुढे पडद्याआडून फक्त आकडे. अंगाबद्दल शब्द नाही. वाढले, कमी झाले, सुजले, काही नाही. ती हो म्हणाली. ती खूप रडली होती, त्यामुळे तिला हे पटलेही होते.

मग आले ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. रोज कुठे ना कुठे सभा, हरताळ, मोर्चे, मधूनच संचारबंदी. दुकानाची फळी अर्धी उघडी ठेवायची आणि पळापळ ऐकू आली की ओढून घ्यायची. गोळीबार झाले. आमच्या गल्लीतला एक जण गेला तो परत आला नाही. त्या दिवसांत शेवंताबाई प्रथम दुकानात आली.

ती मालवणकडची, लालबागच्या चाळीत राहणारी, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामाला. चाळिशीची, आडव्या हाडाची, आवाज असा की पडद्याआडून बोलली तरी रस्त्यावर ऐकू जावा. मोर्चात ती पुढे असायची आणि घोषणा द्यायची. पहिल्याच दिवशी टेबलावर फाटके पोलके टाकून म्हणाली, "मास्तर, घोषणा देताना हात वर केलो की काखेत उसवता. मोर्च्यात एक हात वर आणि एक हात काखेत धरून चलू काय मी?"

मी हसलो आणि विचार करत बसलो. गिरणीतल्या बाईचे खांदे भरलेले असतात, हात सतत वर-खाली चालतात, आणि आमची कापणी मात्र हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या बाईसाठी. बाही जिथे अंगाला जोडतात त्या भोकाला आम्ही मुंढा म्हणतो. मी मुंढा वर घेतला आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवला. सदऱ्याला असतो तसला, त्याला बगल म्हणतात. बायकांच्या पोलक्याला तो कोणी लावत नसे, कारण तो दिसायला वाईट. मी तो असा बसवला की हात खाली असताना दिसत नसे. शेवंताबाईने दुकानातच हात वर करून 'झालाच पाहिजे' म्हणून आरोळी ठोकली. शेजारचा इस्त्रीवाला घाबरून बाहेर आला.

दोन महिन्यांत लालबाग, भोईवाडा, करी रोडच्या बायका 'शेवंताबाईसारखे' पोलके मागत येऊ लागल्या. मोर्चा आमच्या बाजूने गेला की मी फळीआडून बघत असे. शेकडो हात वर, त्यातले कितीतरी माझ्या बगलेचे. मी कधी मोर्चात गेलो नाही. मला वाटायचे, माझे काम मी केले आहे.

शेवंताबाई वर्षातून तीन-चारदा यायची. येताना इंदूसाठी सुके बोंबील नाहीतर कोकमे आणायची आणि पडद्याआड दोघी हसत असायच्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आली ती तक्रार घेऊन. "डावीकडे काचता. रातच्याक काढून ठेवलंय तरी दुखता." इंदूने माप घेतले. एरवी एकाच मुंढ्याचे माप घेतो. त्या दिवशी पडद्याआडून आवाज आला, "उजवा साडेसोळा." मग जरा थांबून, "डावा सतरा."

मी डावा मुंढा अर्धा इंच सैल केला, बगलेचा तुकडा मोठा घेतला, आणि फरक कळू नये म्हणून उजवीकडे आत एक घडी घातली. आरशात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या.

होळीच्या सुमारास ती परत आली. डावा साडेसतरा, आणि छातीचे माप डावीकडे कमी. ती गेल्यावर जेवायला बसलो तेव्हा इंदूने ताटाला हात लावला नाही.

"अहो, तिच्या काखेत गाठ आहे," ती म्हणाली. "हाताला लागते. सुपारीएवढी. आणि छातीवर कातडी आत ओढल्यासारखी झालीय. माझ्या मावशीला असंच झालं होतं."

मी विचारले, "ती काय म्हणाली?"

"ती म्हणते पोलकं काचतं म्हणून गाठ आली. अहो, उलट आहे. मी तिला सांगू का? परळला एवढं मोठं इस्पितळ आहे, तिच्या चाळीपासून दहा मिनिटांवर."

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर गामदेवीच्या बाई उभ्या राहिल्या. रिकामे सहा महिने आठवले. आणि शेवंताबाई म्हणजे अर्धे लालबाग. तिला वाईट वाटले, तिने चाळीत जाऊन सांगितले की शिंपीण माझ्या अंगाबद्दल बोलते, तर पडद्याआड कोण येणार? मी म्हणालो, "आपण कपडे शिवतो. डॉक्टरकी आपली नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मी हळूच सांगेन. तिला एकटीला."

"तुला एकदा सांगितलं ना, फक्त आकडे."

आठ दिवसांनी शेवंताबाई पोलके न्यायला आली. घालून बाहेर आली, हात वर-खाली केला, आणि तिच्या चेहऱ्यावर असे समाधान उमटले की ते मला आजही दिसते. "मास्तर, आता कायएक दुखणा नाय. उद्या सुट्टी टाकून इस्पितळात जातलंय म्हणान ठरवलेला, पण आता कित्याक? कंपांडराच्या मलमान झाला नाय ता तुमच्या कातरेन झाला. तुमच्या हाताक गुण आसा."

इंदू पडद्याची कड धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी एवढेच म्हणायला हवे होते, 'तरी जाऊन या, शेवंताबाई.' त्यात तिच्या अंगाचा उल्लेख नव्हता, कोणाची अब्रू जात नव्हती. चार शब्द. मी म्हणालो, "कापड चांगलं होतं." ती खूश होऊन निघून गेली.

त्या संध्याकाळी इंदू म्हणाली, मी उद्या लालबागला जाते आणि तिला सांगते. मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, जायचं तर जा, मग त्या पडद्याआड परत पाऊल टाकू नकोस. ती गेली नाही. ती घाबरली नव्हती, तिला दुकान हवे होते; घरात माझी आई अंथरुणाला खिळलेली, दोन मुले शाळेत. मी तिला कशात अडकवतो आहे हे मला पक्के ठाऊक होते, म्हणूनच मी तसे बोललो.

पुढच्या वर्षभरात शेवंताबाई आणखी तीनदा आली. दरवेळी मी डावीकडे सैल केले, उजवीकडे घडी घातली, शेवटच्या वेळी डाव्या बाजूला आतून कापूस भरला. दरवेळी तिला बरे वाटले. माझ्या हातून इतके चांगले काम त्याआधी आणि त्यानंतर कधी झाले नाही.

मग ती यायची थांबली. महाराष्ट्र होणार हे नक्की झाले होते, गिरगावात कमानी उभ्या राहत होत्या, तेव्हा तिची मुलगी कुसुम दुकानात आली. एकोणीस वर्षांची, आईसारखीच हाडे, आवाज मात्र बारीक. म्हणाली, "आई इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणाले, दीड वर्षापूर्वी आणायला पाहिजे होती. आता काही होत नाही. तिला नवीन पोलकं पाहिजे, महाराष्ट्र होईल त्या दिवशी घालायला."

मी इंदूला म्हटले, चल माप घेऊन येऊ. इंदू म्हणाली, "तुम्हीच जा. तुम्हाला आकडेच हवे असतात ना, घेऊन या."

मी बायकांच्या वॉर्डात गेलो. शेवंताबाईचा डावा हात उजव्याच्या दुप्पट झाला होता, उशीवर ठेवलेला. चेहरा निम्मा. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि कुसुमने टेप लावून आकडे सांगितले. डावा मुंढा चोवीस. मला तो आकडा लिहिता येईना. शेवंताबाईच म्हणाली, "मास्तर, ह्या वक्ताक बगल नको. हात वर नाय केलो तरी चलात. आपलो महाराष्ट्र होतलो, ता बघूक गावतला." मग म्हणाली, "तुम्ही मात्र माका लय आराम दिल्यात हां. ह्या डाक्टरांका सांगा, ह्येंच्या औषधापेक्षा बरा होता."

मी पोलके एका दिवसात शिवून दिले. रोषणाईच्या रात्री तिला खाटेवरून उठवून खिडकीशी बसवले होते, असे कुसुमने सांगितले. श्रावणात ती गेली. मी चाळीत गेलो नाही. शिवायचे काम आहे असे इंदूला सांगितले.

दिवाळीच्या तोंडावर कुसुम आईची पाच पोलकी घेऊन आली. तिला गिरणीत आईच्या जागी घेतले होते. म्हणाली, "कापड चांगलं आहे मास्तर, माझ्या मापाची करून द्या." ती बाजारात गेली, आणि मी पाचही पोलकी उसवायला घेतली. टेबलावर ओळीने मांडली. पहिल्याला डावीकडे अर्धा इंच जास्त, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दीड, पुढे तसेच वाढत. पाचव्यातला कापूस माझ्या हाताला लागला, त्याला पिवळा डाग होता. तिचे सगळे आजारपण माझ्या टेबलावर क्रमाने मांडलेले होते, आणि ते माझ्याच हातचे होते. मी तिथे उभा राहून रडलो.

कुसुम लवकर परत आली. गिरणीतली मुलगी, तिला कापड वाचता येत होते. तिने एकेक पोलके उलटून बघितले. "सगळी डावीकडेच मोठी केलीत," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मास्तर, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

इंदू पडद्याजवळ उभी होती. मी म्हणालो, "नाही गं. काचतं म्हणाली, म्हणून सैल केलं."

"असं होय," कुसुम म्हणाली. मग तिनेच माझी समजूत घातली. "रडू नका मास्तर. तुम्ही तरी काय करणार? तुम्हाला कसं कळणार?"

ती गेल्यावर इंदूने गळ्यातला टेप काढला, घडी करून टेबलावर ठेवला, आणि वर घरात निघून गेली. त्यानंतर ती दुकानात आली नाही. बायकांचे काम बंद पडले. मी शर्ट आणि विजारी शिवून तीस वर्षे काढली. आम्ही एका घरात राहिलो, मुलांची लग्ने केली, सण केले, पण त्या गोष्टीबद्दल ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. तिने मला दोष दिला असता तर बरे झाले असते. माझ्याबरोबर तीही गप्प बसली होती, असे तिला वाटत असणार. तसे नव्हते. हे मी तिला कधी सांगितले नाही.

कुसुम आता साठीकडे झुकली असेल. गिरणी बंद झाली, तिची चाळ पाडली, ती कुठे असते हे मला ठाऊक नाही. हा अंक तिच्या हाती पडेल का, हेही ठाऊक नाही. पण गमतीदार अनुभव लिहायला बसलो आणि हातून एवढेच उतरले, तर ते तिलाच सांगितले पाहिजे. कुसुम, मला माहीत होतं. इंदूने मला वेळेवर सांगितलं होतं, ती तुझ्या आईकडे यायला निघाली होती, आणि मी तिला येऊ दिलं नाही.